गाडीतलं स्वस्त जीपीएस: जुन्या फोनचा वाटाड्या कसा करायचा

माझं माहेर चिपळूणजवळचं. पुण्याहून सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून खाली, हा आमचा नेहमीचा रस्ता. पाटण मागं पडलं की फोनची रेंज येते-जाते, आणि घाटात तर नेट नाही असं धरूनच चालायचं. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी पुढं झाड पडलं म्हणून गाड्या आडरस्त्याने वळवल्या. हा आडरस्ता पुढे कुठं निघतो ते बघायला मी गाडी कडेला घेऊन फोन उघडला, तर पडद्यावर एक निळा ठिपका आणि त्याच्याभोवती नुसती राखाडी पाटी. ठिपका अगदी बरोबर जागी होता. त्याच्याखाली नकाशाच नव्हता.

आपण कुठं आहोत हे सांगणारं यंत्र वेगळं आणि नकाशा वेगळा, हे मला त्या दिवशी नीट कळलं. जागा उपग्रहांकडून कळते, फुकट कळते, रेंज नसली तरी कळते. नकाशा मात्र आपण आधी भरून ठेवावा लागतो. हे एकदा लक्षात आलं की गाडीत चांगलं जीपीएस असायला मोठा खर्च लागत नाही. घरात पडलेला एखादा जुना फोन, हजार-दीड हजाराचं सामान आणि निघण्याआधीची दहा मिनिटं एवढ्यात काम होतं. त्यातलीही दहा मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची.

आधी थोडं यंत्राविषयी

जीपीएसचे तीसेक उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटरवरून फिरतात आणि सतत स्वतःची जागा व अचूक वेळ सांगत राहतात. आपलं यंत्र फक्त ऐकतं. निदान चार उपग्रहांचं ऐकू आलं की कुणाचा संदेश किती उशिरा पोचला यावरून ते आपली जागा काढतं. ते उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही, त्यामुळे त्याला सिम लागत नाही, रिचार्ज लागत नाही, वर्गणी लागत नाही. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक घालत असे. ती बंद झाली तेव्हापासून मोकळ्या आभाळाखाली साधा फोनही पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो.

आता बहुतेक फोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू यांचंही ऐकतात. नव्या काही फोनमध्ये इस्रोची नाविकही असते. घाटात एका बाजूला डोंगराची भिंत असते आणि अर्धं आभाळ झाकलेलं असतं, तेव्हा जितक्या जास्त यंत्रणा तितका ठिपका स्थिर. जुना फोन निवडताना घरात दोन असतील तर त्यातला अलीकडचा घ्या, तो याच कारणासाठी.

कोणतं यंत्र घ्यायचं

गाडीच्या सामानाच्या दुकानात जाऊन “जीपीएस दाखवा” म्हटलं तर बऱ्याचदा ट्रॅकर पुढे येतो. तो गाडी कुठं आहे हे घरी बसलेल्या मालकाला सांगतो, त्यात सिम असतं आणि त्याला दरवर्षी पैसे भरावे लागतात. रस्ता दाखवणं हे त्याचं काम नाही. तेव्हा “नेव्हिगेशनचं” असा शब्द वापरा.

फक्त रस्ता दाखवणारे वेगळे डबे, म्हणजे गार्मिनसारख्या कंपन्यांचे, एके काळी पुष्कळ दिसत. आता ते जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. यंत्र म्हणून ते दणकट असतात आणि उन्हात वाचता येतील असे असतात. पण घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, भारताचा नकाशा त्यात आहे का आणि तो अजून अपडेट होतो का. नकाशा कोणत्या वर्षाचा आहे ते यंत्राच्या माहितीच्या पानावर लिहिलेलं असतं. दुसरी, यंत्र मोकळ्यावर धरून त्यातली तारीख बघा. जीपीएस आठवडे मोजतं आणि १,०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री असं झालं आणि काही जुनी यंत्रं तेव्हापासून भलतीच तारीख दाखवतात. अशा यंत्राला पोचण्याची वेळ नीट सांगता येत नाही.

तिसरा पर्याय अँड्रॉइड स्टिरिओ. पडदा मोठा, डॅशबोर्डमध्येच बसलेला. त्याला काळ्या चौकोनी वडीएवढा जीपीएस अँटेना वायरीने जोडलेला असतो. आमच्या गाडीत बसवणाऱ्याने ती वडी स्टिरिओच्या मागे, लोखंडी चौकटीत कोंबून ठेवली होती. ठिपका सारखा शेजारच्या गल्लीत उड्या मारायचा. पॅनल उघडून ती वडी पुढच्या काचेखाली डॅशबोर्डवर, आभाळाकडे तोंड करून चिकटवली आणि दुखणं गेलं. तुमच्या स्टिरिओचा ठिपका भटकत असेल तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी वडी कुठं आहे ते विचारा.

माझी शिफारस मात्र जुन्या फोनचीच. रोजचा फोन मॅपला लावला की त्यावर फोन येतात, बँकेचे मेसेज येतात, बॅटरी उतरते, आणि गाडीतून उतरताना तो काढून न्यावा लागतो. गाडीचा फोन वेगळा असला की तो एकच काम करतो. जुना टॅबलेट वापरणार असाल तर सावध राहा: फक्त वायफायवर चालणाऱ्या कित्येक स्वस्त टॅबलेटमध्ये जीपीएसची चिपच नसते. उपग्रह दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप टाकून गच्चीवर जा. पाच मिनिटांत एकही उपग्रह दिसला नाही तर तो टॅबलेट या कामाचा नाही.

फोन तयार करणं

आधी फोनची पाठ बघा. मागचं झाकण फुगलेलं असेल, टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. असा फोन तापणाऱ्या गाडीत अजिबात ठेवू नका.

पाठ ठीक असेल तर फोन पूर्ण कोरा करा आणि त्यात नकाशाची अ‍ॅप सोडून काही टाकू नका. शक्यतो स्वतःचं मुख्य खातं, बँक, फोटो यातलं काही नको, कारण हा फोन कधीतरी गाडीबरोबर गॅरेजमध्येही जाणार आहे. लोकेशन चालू, तेही “जास्त अचूक” पर्यायावर. बॅटरी सेव्हर बंद, नाहीतर तो वाटेतच जीपीएसला झोपवतो. वाहतूक बघायची असेल तेव्हा रोजच्या फोनचा हॉटस्पॉट द्यायचा, एरवी हा फोन नेटशिवाय.

स्टँड कुठं लावायचा यावर थोडा वेळ घालवा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून काचेचा उजवा कोपरा मोकळाच हवा; चौकात आणि वळणावर उजवीकडून येणारा माणूस तिथंच दिसतो. स्टिअरिंगच्या डावीकडे, डॅशबोर्डच्या मध्यभागी, काचेच्या खालच्या कडेपेक्षा खाली, ही माझ्या मते उत्तम जागा. मान न वळवता नुसती नजर खाली गेली की दिसलं पाहिजे. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका. एसीच्या जाळीवर अडकवायचा स्टँड उन्हाळ्यात फार उपयोगी, कारण गार वारा थेट फोनच्या पाठीवर येतो. विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात काचेला चिकटवलेला फोन अर्ध्या तासात तापतो, पडदा मंद करतो आणि चार्जिंग थांबवतो. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या पुढे चार्ज करायची नसते. जाळीचा स्टँड घेणार असाल तर मागे स्क्रूने आवळायचा आकडा असलेला घ्या. नुसती चिमट्याची पकड पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटते.

चार्जरबद्दल एक चूक फार जण करतात. जुन्या म्युझिक सिस्टीमच्या यूएसबीमधून बहुतेक अर्धा अँपियरच मिळतो. पडदा आणि जीपीएस दोन्ही चालू असताना तेवढा पुरत नाही. फोन चार्जिंगला लावलेला दिसतो आणि तरी बॅटरी उतरत जाते. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा दोन अँपियर किंवा जास्तीचा चांगला चार्जर घ्या. वायर मीटरभराची पुरे, ती गिअरभोवती लोंबता कामा नये.

पहिल्यांदा चालू करताना

बरेच दिवस बंद असलेल्या, नेट नसलेल्या यंत्राला पहिल्यांदा उपग्रह सापडायला वेळ लागतो. प्रत्येक उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने सांगतो. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला अर्धा मिनिट, आणि सगळ्या उपग्रहांची यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं. नेट असलेला फोन हीच माहिती इंटरनेटवरून चटकन घेतो, म्हणून रोजच्या फोनवर हे आपल्याला जाणवत नाही.

तेव्हा पहिल्या दिवशी गाडी पत्र्याच्या शेडमधून किंवा तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर काढा, मोकळ्या जागी उभी करा आणि पंधरा मिनिटं थांबा. हलत्या गाडीत हे काम आणखी लांबतं. त्यानंतर रोज वापर असला तर ठिपका एखाद्या मिनिटात येतो. ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ आकसून लहान झालं की जागा पक्की झाली असं समजा.

नकाशे भरणं

हे घरच्या वायफायवर करायचं.

गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोच्या खुणेवर बोट लावलं की ऑफलाइन नकाशांचा पर्याय दिसतो. तिथं चौकट ओढून हवा तो भाग उतरवता येतो. चौकट मोठी घ्या. नेट नसताना रस्ता हवा असेल तर निघायचं ठिकाण, पोचायचं ठिकाण आणि मधला सगळा रस्ता उतरवलेल्या भागात असावा लागतो. पुण्याची एक चौकट आणि चिपळूणची एक चौकट उतरवली आणि मधला पाटण-कोयनेचा पट्टा सुटला, तर काही उपयोग नाही. माझी राखाडी पाटी अशीच झाली होती. शिवाय या नकाशांना मुदत असते. गाडीचा फोन महिनोन्‌महिने वायफायला लागला नाही तर नकाशे निघून जातात.

म्हणून दुसरं अ‍ॅप हवंच. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओसमअँड यांपैकी एक घ्या. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतात. २००४ पासून जगभरातले स्वयंसेवक हा नकाशा काढत आहेत. यात राज्यच्या राज्य एकदम उतरवता येतं आणि रस्ता फोनच्या आतच शोधला जातो, नेटचा संबंध नाही. ऑर्गॅनिक मॅप्स साधं आणि जाहिरातींशिवाय आहे, नव्या माणसाला तेच द्यावं. ओसमअँडमध्ये बटणं खूप, आणि मोफत आवृत्तीत किती नकाशे उतरवायचे याला मर्यादा. या नकाशात शहरं आणि महामार्ग चांगले असतात, लहान वाड्या-वस्त्यांची नावं मात्र कुठं भरपूर, कुठं अजिबात नाहीत. तुमच्या गावाची वाडी नसेल तर तुम्ही स्वतः ती भरू शकता. मी आमच्या वाडीचं देऊळ आणि नदीकडे उतरणारी पाखाडी घातली आहे.

नेट असलेल्या रस्त्यावर मॅपमायइंडियाचं मॅपल्सही वापरून बघण्यासारखं आहे. ही दिल्लीची कंपनी १९९५ पासून भारताचे डिजिटल नकाशे करते. गतिरोधक, खड्डे, उड्डाणपुलाआधीची फाट्याची चित्रं यांत त्यांनी आपल्या रस्त्यांचा विचार केलेला दिसतो.

सेटिंगमध्ये काय बदलायचं

बहुतेक गोष्टी आहेत तशा ठेवा. पाच बदला.

“सर्वांत जवळचा रस्ता” असा पर्याय असेल तर तो बंद करून “सर्वांत लवकरचा” ठेवा. जवळचा म्हणजे यंत्राच्या दृष्टीने अंतर कमी, मग तो बैलगाडीचा रस्ता का असेना. एकदा पाटणच्या अलीकडे दोन किलोमीटर वाचवायला एका यंत्राने आम्हाला उसाच्या फडात नेलं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, समोरून भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर, आणि वळवायला जागा नाही. सहा-सातशे मीटर उलटी गाडी घ्यावी लागली. मागे मुलगा टॉर्च धरून चालत होता.

कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय चालू ठेवा. टोल टाळण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर चाळीस-पन्नास रुपयांसाठी तासभर गावागावांतून फिराल.

फेरीबोटीचा पर्याय कोकणात जाणाऱ्यांनी हातानेच लावावा. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी अशा ठिकाणी बोटीतून गाड्या पलीकडे जातात आणि त्याने खरोखर खूप अंतर वाचतं. पण रात्री बोट नसते. यंत्र मात्र रात्री अकरालाही शांतपणे जेट्टीच्या टोकाशी नेऊन उभं करतं. अंधारात पोचणार असाल तर फेरी टाळा असं आधीच सांगून ठेवा.

आवाज मराठी करा. गूगल मॅप्समध्ये मराठी आवाज आहे आणि रस्त्यावर नजर ठेवून ऐकायला तो फार सोपा जातो. पाचवा बदल म्हणजे रात्रीचा काळा पडदा आपोआप लागू द्या. घाटात अंधारात पांढरा पडदा डोळ्यांना मारतो.

पत्ता भरणं: चुका इथंच होतात

रस्ता चुकलेल्या माणसाला विचारा, बहुतेक वेळा यंत्र चुकलेलं नसतं, पत्ता चुकलेला असतो.

महाराष्ट्रात एकाच नावाची गावं किती! कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड रत्नागिरीतलं, आणि पुणे जिल्ह्यातला खेड तालुका म्हणजे राजगुरुनगर. मुरूड जंजिऱ्याजवळचं, मुरूड दापोलीजवळचं, मुरूड लातूरचं. शिरूर पुण्यातलं, शिरूर कासार बीडमधलं, शिरूर अनंतपाळ लातूरमधलं. वडगाव आणि पिंपळगाव तर मोजूच नका. नाव टाकल्यावर यादीत सगळ्यांत वर जे येईल त्यावर बोट लावायची सवय मोडा. जिल्हा वाचा, आणि अंतर वाचा. दापोलीच्या मुरूडला निघालेल्या पुणेकराला अंतर तीनशेच्या वर दिसलं की त्याने थांबायला हवं.

जुन्या यंत्रात नवी नावं सापडत नाहीत. छत्रपती संभाजीनगर मिळालं नाही तर औरंगाबाद, धाराशिव मिळालं नाही तर उस्मानाबाद, अहिल्यानगर मिळालं नाही तर अहमदनगर टाकून बघा. महामार्गांचंही तेच: मुंबई-गोवा जुन्या नकाशात १७ क्रमांकाचा, आता ६६. पुणे-सातारा जुन्यात ४, आता ४८.

शेतघर, वाडी, नवी सोसायटी अशा ठिकाणी नावावर जाऊच नका. यजमानांकडून लोकेशन मागा, आणि ते पाठवताना ते त्या जागेवर उभे आहेत का हे विचारा. कित्येकदा माणूस ऑफिसात बसून घरचं लोकेशन म्हणून ऑफिसचं पाठवतो. जुन्या डब्यात लिंक उघडत नाही, तिथं अक्षांश-रेखांश भरावे लागतात. महाराष्ट्रात पहिला आकडा साधारण १५ ते २२ आणि दुसरा ७२ ते ८१ यांच्या मधला असतो. उलटे भरले तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो, ती चूक लगेच कळते. न कळणारी चूक वेगळी आहे. १७.५३२० म्हणजे १७ अंश ३१ मिनिटं ५५ सेकंद. पण यंत्र अंश-मिनिटं-सेकंद मागत असताना कुणी १७, ५३, २० असं भरलं, तर जागा जवळजवळ ४० किलोमीटर उत्तरेला सरकते. चिपळूणला जायचं असेल तर तुम्ही पोलादपूरच्या बाजूला निघाल, आणि तेही खरंच एक गाव असल्यामुळे शंकाही येणार नाही. म्हणून आकडे भरण्याआधी यंत्रातली पद्धत दशांशावर आणा. दशांशानंतरचे चार आकडे पुरतात, त्यात दहा-अकरा मीटरची अचूकता मिळते.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. देशातल्या साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण आहे. ज्यांच्या घराला नाव-नंबर काही नाही अशा वाड्यांसाठी ही चांगली सोय आहे. आपल्या घराचा डिजिपिन आणि अक्षांश-रेखांश दोन्ही काढून एका चिठ्ठीवर लिहून आई-वडिलांच्या फोनजवळ लावून ठेवा. पाहुण्यांना सांगायला होतो, आणि अँब्युलन्स बोलवायची वेळ आली तर त्याहून जास्त.

निघण्याआधीची दहा मिनिटं

पत्ता भरला की लगेच “सुरू करा” दाबायचं नाही. सगळा रस्ता पडद्यावर दिसेल इतका नकाशा लहान करा आणि बोटाने रस्त्यावरून चला. कोणती गावं लागतात? कोणता घाट? हे तुम्हाला तोंडाने सांगता आलं पाहिजे.

पुण्याहून चिपळूणला तीन रस्ते निघतात: कुंभार्लीने, ताम्हिणीने माणगाव-महाड करून, आणि भोरवरून वरंधा घाटाने. कागदावर वरंधा जवळचा वाटतो. पण तो अरुंद आहे, दरडी येतात, आणि पावसाळ्यात प्रशासन तो बरेचदा बंद ठेवतं. यंत्रात भरलेल्या नकाशाला हे माहीत नसतं. मला कुंभार्लीनेच जायचं आहे, म्हणून मी मधला थांबा म्हणून पाटण घालते. या एका थांब्याने यंत्राची सगळी हुशारी आपल्या मनासारखी वळते. मधला थांबा घालायला शिका, बाकी काही शिकला नाहीत तरी चालेल.

मग पोचण्याची वेळ बघा. नेटशिवायचं यंत्र कायद्याने चालवता येईल त्या वेगाचा हिशेब धरतं, ट्रक धरत नाही, धुकं धरत नाही, चहा धरत नाही. घाट असेल तर मी दीडपट धरते. वाटेतल्या पेट्रोल पंपांपैकी घाटाआधीचा शेवटचा कोणता ते बघून ठेवते. शेवटी आवाजाची पातळी, पावसात काच वाजते त्यापेक्षा वर. आणि मग गाडी सुरू.

चालवताना

ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. “दोनशे मीटरवर डावीकडे” हे वाक्य पुरं होईपर्यंत चार-पाच सेकंदच उरतात. म्हणून “एक किलोमीटरवर” ही पहिली सूचना आली तेव्हाच आरशात बघून डावी लेन धरायची.

ठिपक्याची अचूकता पाच मीटर, आणि महामार्ग व सर्व्हिस रोड यांच्यामधलं अंतरही कधीकधी तेवढंच. उड्डाणपुलावर आहोत की पुलाखाली हे तर यंत्राला बहुधा कळतच नाही. पुण्यात चांदणी चौकात किंवा मुंबईत द्रुतगती मार्गावर गोंधळ होतो तो यामुळे. अशा ठिकाणी आवाजापेक्षा वरची हिरवी पाटी वाचा. पाटी आणि आवाज यांचं जमलं नाही तर पाटी खरी. चुकून पुढं गेलात तर ब्रेक मारू नका, उलटी गाडी घेऊ नका. यंत्र काही सेकंदांत नवा रस्ता काढतं.

बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात ठिपका गोठतो किंवा अंदाजाने सरकतो आणि बाहेर पडल्यावर काही सेकंदांनी जागेवर येतो. तेवढ्यात बोगद्याच्या तोंडाशीच फाटा असेल तर तो आधी लक्षात ठेवलेला असावा.

नकाशा जुना असला की नव्या रस्त्यावर गाडी शेतात चाललेली दिसते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरहून शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याआधीच्या नकाशाचं यंत्र तिथं सारखं “मागे वळा” म्हणत राहील. अशा वेळी आवाज बंद करा आणि फक्त ठिपक्याची दिशा बघा.

पडद्यावरचा वेग गाडीच्या काट्यापेक्षा दोन-चार किलोमीटरने कमी दिसला तर घाबरू नका. काटा थोडं जास्तच दाखवेल असाच बनवलेला असतो.

जिथं यंत्राचं ऐकायचं नाही

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी नकाशा बघत चाललेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालवणाऱ्याचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघं गेले. दोन्ही ठिकाणी पडद्यावर रस्ता होता. माझ्या मनातून या दोन बातम्या जात नाहीत, आणि माझा नियम त्यातूनच आला आहे: दिव्यांच्या उजेडात रस्ता दिसत नसेल तर पडद्यावर तो कितीही ठळक असला तरी गाडी थांबवायची.

रस्त्यावर पाणी वाहत असेल आणि खालचा डांबर दिसत नसेल, तर थांबायचं. रस्ता अचानक अरुंद झाला, मध्ये गवत उगवलेलं दिसलं, समोरून बराच वेळ एकही गाडी आली नाही, तर थांबायचं. रात्री यंत्राने मोठा रस्ता सोडून आत वळायला सांगितलं तर मी वळत नाही, सरळ पुढच्या गावापर्यंत जाते आणि पंपावर किंवा एसटी स्टँडवर विचारते. विचारताना शेवटच्या ठिकाणाचं नाव कधी घेऊ नका. “चिपळूण कुठं?” याला प्रत्येक जण वेगळा हात दाखवतो. “मल्हारपेठ कुठं?” याला नेमकं उत्तर मिळतं.

कायद्याचं थोडक्यात: फोन हातात धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. स्टँडवरचा फोन चालतो. चालत्या गाडीत त्यावर पत्ता टाइप करणं मात्र नको, ते काम शेजारी बसलेल्याचं. एकटे असाल तर गाडी कडेला.

देखभाल

उन्हात गाडी लावताना फोन स्टँडवरून काढून सीटखाली किंवा कप्प्यात ठेवा. चार्जरची वायर वर्षातून एकदा बदला. “फोन बिघडला” म्हणून आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी नुसत्या वायरीच्या असतात. महिन्यातून एकदा फोन घरी नेऊन वायफायला लावा आणि नकाशे ताजे करा. मी गणपतीच्या आधीच्या रविवारी हे न चुकता करते, कारण त्या आठवड्यात सगळं कोकण रस्त्यावर असतं आणि कशेडीच्या बोगद्यासारखं काहीतरी बदललेलं असतंच.

आणि समोरच्या कप्प्यात एक कागद ठेवा. त्यावर आपल्या नेहमीच्या रस्त्यावरची गावं ओळीने, दोन गावांमधली अंतरं, घाटाआधीचा पंप, आणि पोचायच्या घरचा नंबर. आमच्या कागदावर बाबांनी उंब्रजच्या पुढे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: “पुलाआधी उजवीकडे, पाटी झाडामागे आहे.” पाटी अजून झाडामागेच आहे, आणि यंत्र तिथं दरवेळी थोडं उशिरा बोलतं.